रस्त्याकाठचा अमीबा

प्रयोगशाळेत प्रयोग कमी अन् किस्सेच जास्त होतात. उमरग्याच्या आमच्या नव्या कॉलेजात तर प्रयोग एकच होता, मग किस्से किती साचले असतील बघा!

प्रयोग जीवशास्त्राच्या जोशी सरांचा. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत अमीबा ठेवायचा अन् काचेच्या केसानं हळूच दाबायचा. केस किती वाकला, यावरून ती पेशी किती टणक ते तिथल्या तिथं कळायचं. मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर.

*

केस काढायचे फिजिक्सचे काझी सर. स्पिरिटच्या दिव्यावर काचेची कांडी तापवली, झटकन ओढली, की केस तयार! एकदा तोच हरवला. आम्ही सगळे फरशीवर रांगतोय. जोशी सर एकदम ओरडले, "काझी, हलू नका! तुमच्या दाढीत आहे!"

*

देणगीदार बाबुराव बघायला आले. नळीला डोळा लावून म्हणाले, "दाबलं की दबतंय, सोडलं की पुन्हा पसरतंय. ह्येला निवडणुकीला उभा करा!"

*

कॉलेज सोलापूर-हैदराबाद रस्त्याला खेटून. ट्रक गेला की टेबल हादरायचं अन् केस अमीबाच्या आरपार!

प्राचार्यांनी एकदा विचारलं, "आज काय प्रगती?"

जोशी सर म्हणाले, "दोन खून."

*

मग विद्यापीठाची कमिटी आली. मान्यता नाही मिळाली तर सायन्सचा वर्ग बंद, पोरं घरी. अध्यक्षांनी आल्या आल्या हादरणारं टेबल बघितलं. "इथं पेशीचा टणकपणा मोजता? अशक्य!"

जोशी सरांनी हातातला केस खाली ठेवला. मला लई वाईट वाटलं. काझी सर तडक बाहेर गेले.

थोड्या वेळानं रस्ता गप्प झाला. अध्यक्षांनी नळीला डोळा लावला, जोशी सरांनी केस टेकवला. अध्यक्षांच्या डोळ्यादेखत अमीबा आक्रसला, केस उचलल्यावर सावकाश पुन्हा पसरला.

मी मागं वळून बघतो, तर दारात ट्रक ड्रायव्हरांची ही गर्दी! बाहेर काझी सर रस्त्याच्या मधोमध उभं राहून प्रत्येकाला खरं तेच सांगत होते, "अंदर एक जान है, आँख को दिखती नै. इंजन बंद करो, नै तो मरती!"

एका ड्रायव्हरनं मला विचारलं, "आता कसा हाय त्यो?"

दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. "हळू बोल की! दचकंल ना त्यो."

अध्यक्षांनी नळीवरून डोळा काढला. दाराकडं बघितलं. मग खाली वाकून बूट काढले, हातात घेतले, अन् चवड्यांवर चालत, टेबलाला वळसा घालून जोशी सरांजवळ येऊन कुजबुजले, "वर्ग चालू राहू द्या."