पहिला पाठवणारा

दत्ताराम गेल्याची बातमी मला कळली तीसुद्धा फॉरवर्ड होऊन. हार, जोडलेले हात, मध्ये त्याचा फोटो... पहिल्यांदा कुणी पाठवली, हे या वेळी कुणीच विचारलं नाही.

दत्ताराम माझा वर्गमित्र, नाते गावचा, महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर. मी शाळामास्तर, न विचारता शिकवायची खोड. एकदा त्यानं कारखान्यामागच्या ओढ्याचा व्हिडिओ मला पाठवला. लालभडक पाणी, उताणे मासे. "कुनाला दाखवू नको रे, पोटावर पाय येईल." मी म्हणालो, "अरे, ह्या अ‍ॅपला कुलूप असतं. दिल्लीलाही उघडत नाही." आणि गावच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो. अ‍ॅडमिन होतो ना! संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पोलादपूर ओलांडून घाट चढला होता.

तिसऱ्या दिवशी चौकीतून बोलावणं. अफवा पसरवल्याची तक्रार होती. साहेब गोड बोलले. "मास्तर, नवे नियम माहीत आहेत ना? पहिला पाठवणारा कोण, ते अ‍ॅपवाल्यांना सांगावंच लागतं. त्यांच्याकडून मागवू, की तुम्हीच सांगता?" मी सांगितलं. चहा यायच्या आधी. वर फोन उघडून त्याच्या नावावर बोटही ठेवलं... जनगणनेच्या कामातही मी इतका तत्पर नव्हतो.

दत्तारामची नोकरी गेली. पुढे कधीतरी वाचलं, तो नियम अजून कोर्टात लोंबकळतोय. शिवाय त्याला वरचा लेखी हुकूम लागतो, तोही गंभीर गुन्ह्यातच. हे दत्तारामला सांगायलाही मीच गेलो, शहाणा! तो म्हणाला, "म्हंजे कुलूप चांगलंच व्हतं की रे मास्तर."

त्यानंतर त्यानं मला एकही मेसेज केला नाही. काही कळवायचं असलं की चिठ्ठी लिहायचा, मोटारसायकलवरून नात्याहून महाडला यायचा, मी वाचेपर्यंत दारात उभा राहायचा आणि चिठ्ठी परत मागून खिशात घालायचा. मजकूर काय, तर 'तांदूळ आलाय, घेऊन जा.' माझी बायको हसायची, "भावोजी, तांदळाचंही गुपित?"

"वयनी, तुमच्या नवऱ्यापुढं समदंच गुपित बरं."

मी हसायचो. दुसरं काय करणार...

शेवटच्या खेपेला छातीत कळ आली म्हणून तो घाईनं निघाला आणि चिठ्ठी माझ्या हातात राहिली. दुसऱ्या दिवशी तो गेला. चिठ्ठी माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. 'रविवारी मासे आणतो. विकतचे.' महिनाभर कुणालाही दाखवली नव्हती.

आणि आज बघा, पुरवणीत छापायला दिली.