भागीबाईची मोजणी

घोटीच्या वरच्या डोंगरात भागीबाईचं नाव निघालं की माणूस आधी स्वतःची बेंबी चाचपतो, असं लोक थट्टेनं म्हणतात. खोटं नाही ते. चाळीस वर्षं तिथल्या पोरांची नाळ ह्याच सुईणीनं कापली. बाई निरक्षर, घड्याळसुद्धा कळत नाही. पण गावात आरोग्य उपकेंद्र उघडलं, तेव्हापासून अवघडलेल्या बायांना हाताला धरून तीच तिथे नेऊ लागली. बाळंतपणामागे मिळणारं मानाचं लुगडं आणि पायलीभर नागली बुडाली, तरी कधी कुरकुर नाही. तिथली नर्स ज्योत्स्ना मनमाडची, रेल्वेवाल्याची लेक. आली तेव्हा आठवड्यात पळ काढायच्या बेतात होती. भागीबाईला पोटावरून हात फिरवत आडवं मूल सरळ करताना तिनं पाहिलं आणि थक्क झाली. त्याला आता सहा वर्षं झाली.

अन् तेच उपकेंद्र बंद करायचा हुकूम निघाला! का, तर गावात माणसं कमी, निकषात बसत नाही. अहो, मोजणी केली कधी? फाल्गुनात! तेव्हा अर्धं गाव पिंपळगावकडे द्राक्षं तोडायला गेलेलं असतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मोजणीवाल्यानं कुलपं पाहिली आणि कागद भरून चालता झाला. सरकारकडे म्हणे नर्ससाठी पैसा नाही. आणि वरच्या डोंगरावर झाडं तोडून रिसॉर्ट उभं राहतंय, त्याला दहा वर्षं कर माफ! गरिबानं साबणावर कर भरायचा, चपलेवर भरायचा, आणि माफी मात्र डोंगर बोडका करणाऱ्याला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

ज्योत्स्नाचा जीव अडकला होता गावातल्या पुंजाच्या सुनेत, रोशनीत. तिचे दिवस आषाढात भरणार होते, आणि आषाढात घोटीची वाट ओढ्याखाली जाते.

चैत्रात ग्रामसभा भरली. तालुक्याहून साहेब आले. समोर पंधरा-वीस म्हातारी माणसं, आणि मागे खांबाला टेकलेली रोशनी. साहेब म्हणाले, "बघा, गावात माणसंच नाहीत."

भागीबाई उठली. "मानसं नाय? मी सांगते, तुमी लिवा."

पहिल्या घरापासून तिनं सुरुवात केली. कोणाचं पोर, कोणत्या साली झालं, आज कोणाच्या मळ्यात आहे. ज्योत्स्नानं उपकेंद्राचं घरोघरच्या नोंदीचं रजिस्टर उघडलं आणि नावांवर बोट ठेवत गेली. घर संपलं की घर, वस्ती संपली की वस्ती. एक नाव चुकेना! साहेबांचा चहा गार झाला. केवढी ही बाई, आणि केवढं तिचं डोकं!

मग तीन नावं अशी आली, की रजिस्टरमध्ये सापडेनात. ज्योत्स्ना पानं उलटत राहिली.

"ह्या बायका कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"मातीत," भागीबाई म्हणाली. "बाळंतपणात गेल्या. तवा हितं दवाखाना नव्हता. तिसरी ठमा, ती माझीच लेक. ह्याच हातात गेली."

इतक्या वर्षांत हे तिनं कोणाजवळ काढलं नव्हतं. ज्योत्स्नाला रडू आवरेना.

साहेब खाली बघून हळूच म्हणाले, "आजी, मेलेली माणसं मोजणीत धरता येत नाहीत."

"मग जित्ती तरी धरा, साहेब. रोशनी बसलीय ना ती, तिथं, खांबापाशी. न्हायतर फुडल्या साली तिचंबी नाव मला ह्या तिघींसंगं घ्यावं लागंल."

साहेबांनी मान वर करून रोशनीकडे पाहिलं. तिनं पोटावर पदर ओढून घेतला. मग त्यांनी कागद जवळ घेतला, हुकूम थांबवून फेरमोजणी करावी असं लिहिलं, आणि भागीबाईला विचारलं, "सगळे गावात कधी असतात, आजी?"