ब्राझीलचा पाइप फिटर

"तुमच्या लिस्टवर सलीम नावाचा पाइप फिटर आहे," ह्यूज म्हणाला. "मी त्याला साइटवर कधीच पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय?"

पाहिलं होतं की! आदल्याच शुक्रवारी सौदीतल्या हुफूफच्या मैदानावर त्यानं गोल मारला, तेव्हा मी उभा राहून शिट्ट्या मारल्या होत्या. पण ह्यूज हा क्लायंटचा इन्स्पेक्टर. आमच्या कामाची बिलं त्याच्या सहीनं पास व्हायची. त्याला फुटबॉलचं सांगायची सोय नव्हती.

"पाहिलंय," मी म्हणालो. "गुणी मुलगा आहे."

"असेल. पुढच्या आठवड्यात सगळ्या फिटरांची ट्रेड टेस्ट घेतोय. गुणी मुलालाही आणा."

ट्रेड टेस्ट म्हणजे कारागिराची परीक्षा. कागदावर फिटर म्हणवणाऱ्यानं इन्स्पेक्टरसमोर पाइप जोडून दाखवायचे. नापास झाला तर क्लायंट त्याला साइटवर ठेवत नसे. आमच्या कंपनीला दुसरी साइट नव्हती, त्यामुळे नापास म्हणजे सरळ फायनल एक्झिट. हातात तिकीट, जा घरी.

आता फुटबॉलपटू पाइप फिटर कसा झाला, ते सांगतो. तेलाचा भाव चढलेला, जो उठतो तो बांधतोय, माणसं कमी. सरकार कंपन्यांना ठोक व्हिसे द्यायचं. इतके पाकिस्तानी वेल्डर, इतके इंडियन मेसन, अशा हिशेबानं. पण कंपनीला हवी असतात वेगळीच माणसं. मग जो व्हिसा शिल्लक असेल त्यावर मिळेल तो माणूस आणायचा. आमचा स्वयंपाकी कागदोपत्री गवंडी होता. मी पर्सोनेल ऑफिसर, नाशिकचा बी.कॉम., पण माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, 'सुतार' लिहिलं होतं. आयुष्यात हातोडी धरली ती कॅलेंडरसाठी खिळा ठोकताना, आणि तोही वाकडा गेला.

आमचा कफील, म्हणजे मालक आणि जामीनदार असलेला शेख, हुफूफच्या एका फुटबॉल क्लबचा अध्यक्ष होता. पाइपलाइन हा त्याचा धंदा, क्लब हा जीव. शेजारच्या क्लबानं परदेशी खेळाडू आणल्यापासून त्याला अन्न गोड लागेना. त्याला ब्राझीलचाच माणूस हवा होता. सापडलाही. सलीम, वय वीस, जन्म साओ पाउलोचा. आई ब्राझीलची, वडील लेबनॉनच्या डोंगरातल्या गावाहून तिकडे जाऊन कापडाचं दुकान टाकलेले. पोराकडे दोन्ही देशांचे पासपोर्ट.

नेमका आमच्याकडे एकच व्हिसा शिल्लक होता. लेबनीज, पाइप फिटर. शेखनं टाळी वाजवली. सलीम लेबनीज पासपोर्टवर विमानतळातून आत आला आणि शुक्रवारी मैदानावर ब्राझीलियन म्हणून उतरला. लेबनीज पासपोर्ट रिवाजाप्रमाणे कंपनीच्या तिजोरीत गेला. ब्राझीलचा त्याच्या बॅगेत राहिला, कारण तो कुणी मागितलाच नाही.

पोरगा खेळायचा मात्र झकास. डाव्या बगलेनं सुटला की बचाववाले नुसते बघत राहायचे. पण इथं त्याचं मन नव्हतं. साओ पाउलोच्या एका मोठ्या क्लबानं त्याला चाचणीला बोलावलं होतं. महिनाभरात पोचलास तर बघू, नाहीतर दुसरी पोरं आहेतच. लहानपणापासून तो ज्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा राहायचा, तिथलं बोलावणं.

सौदीत शिरायला व्हिसा लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाहेर पडायलाही लागतो, आणि तो कफीलच्या सहीशिवाय मिळत नाही. सलीम शेखकडे गेला. शेखनं त्याला खजूर दिले, कहवा पाजला आणि म्हणाला, "बुक्रा." बुक्रा म्हणजे उद्या. तिथला उद्या कधी उजाडेल हे कुणी विचारत नाही.

मग तो माझ्याकडे यायला लागला. अरबीत 'प' नाही, त्यामुळे मी पेंडसेचा बेंडसे झालो होतो, आणि तेच त्यानं उचललं होतं. "मिस्टर बेंडसे, सही?" रोज तेच. मी काय करणार? चहा द्यायचो.

ह्यूजचा निरोप घेऊन मी शेखकडे गेलो.

"पास होईल," शेख म्हणाला.

"शेख, त्यानं पाना हातात धरलेला नाही."

"ब्राझीलची माणसं पायानं एवढं करतात. हातानं पाइप जोडायला काय लागतं? शिकव त्याला. यल्ला, चल लाग."

मी इब्राहीम मिस्त्रीला गाठलं. हा राजापूरकडचा, आमच्या फिटरांचा फोरमन. जिभेनं तिखट, मनानं खोबरं.

"ह्या चेंडू लाथाडणाऱ्याला मी फिटर बनवू? आठवड्यात? पेंडसेसाहेब, उन्हात फिरू नका, डोकं फिरलंय तुमचं," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात सलीमसमोर पाइप मांडून बसला होता.

फिटरचं काम लोकांना कळत नाही. वेल्डर पाइप चिकटवतो, पण कुठं आणि कसा चिकटवायचा ते फिटर ठरवतो. दोन तोंडं समोरासमोर बरोबर यायला हवीत. जिथं पाइप उघडावा लागतो तिथं फ्लँज असते, म्हणजे पाइपच्या टोकाची भोकांची चकती. दोन चकत्यांमध्ये गळती रोखणारं गॅस्केट घालून बोल्ट आवळायचे. आणि तेही ओळीनं नाही! एक आवळला की त्याच्या समोरचा घ्यायचा. ओळीनं गेलात तर एक बाजू दबते, दुसरी फाकते, आणि पाणी सोडलं की कारंजं. मोटारीचं चाक बसवताना नट आवळतात ना, तसंच.

सलीम भराभर शिकला. नजर मुळात मापाची, हात स्थिर. चौथ्या दिवशी इब्राहीम मला बाजूला घेऊन म्हणाला, "मेल्याचा हात बघितलात? फुटबॉलपायी फुकट चाललाय." ही त्याच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी. सगळे खूश होते. शेख खूश, इब्राहीम खूश, माझी नोकरी शाबूत म्हणून मीही खूश.

त्याच संध्याकाळी सलीम माझ्या टेबलाशी आला.

"मिस्टर बेंडसे, नापास झालेल्यांना खरंच घरी पाठवतात?"

"आठवड्याच्या आत. कंपनीच्या खर्चानं."

"शेखनं सही नाही केली तर?"

"करावीच लागते. क्लायंटपुढे शेखचं काय चालतंय?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. पण मला नियम ठाऊक होता. फायनल एक्झिटचं तिकीट माणूस ज्या देशाच्या पासपोर्टवर आला त्याच देशाचं निघतं. मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं, "बाबा रे, तुझं तिकीट साओ पाउलोचं नाही निघणार. बैरूतचं निघेल."

लेबनॉनमध्ये तेव्हा यादवी पेटली होती. रेडिओवर रोज बैरूतच्या गल्ल्यांची नावं आणि मेलेल्यांचे आकडे.

"मी बैरूत कधी पाहिलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "ब्राझीलच्या पासपोर्टवर जातो ना मी!"

"त्यावर शिरल्याचा शिक्का कुठाय? जो माणूस आत आलाच नाही, त्याला बाहेर कसा सोडतील?"

इकडे आड, तिकडे विहीर. पास झाला तर शेखचा बुक्रा, नापास झाला तर तोफा. तो उठून गेला. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. आपण फायलींची माणसं, पण पोटची पोरं आपल्यालाही असतातच. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

टेस्टच्या दिवशी शेख स्वतः यार्डात आला. इतक्या वर्षांत पाइप बघायला तो प्रथमच आला होता. त्याच्यासाठी सावलीत खुर्ची मांडली. सलीमची पाळी आली. त्यानं माप घेतलं, लेव्हल लावली, तोंडं जुळवली. ह्यूजनं फट तपासली आणि मान डोलावली. इब्राहीमची छाती फुगली. उरले फक्त फ्लँजचे बोल्ट.

सलीमनं पाना उचलला. क्षणभर थांबला. पहिला बोल्ट आवळला, आणि मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा.

"अरे समोरचा! समोरचा घे, मेल्या!" इब्राहीम ओरडला.

सलीमनं वळूनही पाहिलं नाही. ओळीनं सगळे आवळले, पाना खाली ठेवला आणि बाजूला उभा राहिला. पाण्याचं प्रेशर दिलं. पिचकारी सुटली ती थेट ह्यूजच्या इस्त्रीच्या शर्टावर.

"नापास," ह्यूज म्हणाला.

शेख खुर्चीतून उठला. "हा न्याय नाही! हा फुटबॉलपटू आहे, फिटर नाही!"

ह्यूजनं चष्मा काढून पुसला. "असं? मग फिटर म्हणून त्याच्या तासांचं बिल मी आजवर कशाचं भरतोय?"

शेखनं माझ्याकडे पाहिलं. मी वाळूकडे पाहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी शेख म्हणाला, "फिटरच आहे. वाईट फिटर आहे."

"मग घरी पाठवा," ह्यूज म्हणाला.

सही झाली. शेखच्या डोळ्यांत आग होती. "त्याला त्याच्या देशात पोचव, बेंडसे. बैरूतला. तिथं खेळू दे म्हणावं फुटबॉल!"

इब्राहीम यार्डातच बसून होता. "मुद्दाम केलंन त्यानं," तो म्हणाला. "चारचौघांत नाक कापलंन माझं." मी त्याला बोलावण्याची आणि बैरूतची हकीगत सांगितली. तेव्हा तो म्हणाला, "बैरूतला जायला तयार झाला पोरगा? एवढ्या चेंडूसाठी?" आणि पंच्यानं तोंड पुसलं.

मी खोबर शहरात ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. मल्याळी माणूस, डोळे मिटून टाइमटेबल सांगणारा.

"साब, बैरूत डायरेक्ट बंद है. अथेन्स होके जाएगा. उधर प्लेन बदलने का."

मी जागचा हललो नाही. अथेन्स. तिथं ना आमचा शेख, ना आमचे शिक्के.

"दुसरा कोई रास्ता?" मी विचारलं, कारण फायलीत तसं लिहावं लागतं.

"है, लेकिन महँगा."

"तो नहीं चाहिए. कंपनी का रूल सबसे सस्ते रास्ते का है."

तिकीट सलीमच्या हातात देताना मी एवढंच म्हणालो, "अथेन्सला विमान बदलायचंय. बराच वेळ आहे मध्ये. बॅगेत काय काय आहे ते तिथं शांतपणे बघून घे." तो आधी नुसता बघत राहिला. मग उमगलं, आणि पोरानं टेबल ओलांडून मला मिठीच मारली. माझा चहा सांडला. त्यानं माझ्याच फोनवरून वडिलांना साओ पाउलोला फोन लावला. काय बोलला ते पोर्तुगीजमध्ये, त्यामुळे मला कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

विमान गेल्यावर थोड्या दिवसांनी एअरलाइनचा टेलेक्स आला. सदर प्रवासी अथेन्सहून पुढच्या विमानात चढला नाही. मी तो फाइल केला आणि न वापरलेल्या तिकिटाचा रिफंड मागितला. तोही नियमच आहे.

साओ पाउलोच्या चाचणीत सलीम पहिल्या संघात बसला नाही. राखीव संघात घेतला, आणि पुढच्या मोसमात वर आला. हे मला आमच्या लेबनीज अकाउंटंटकडून कळलं. हुफूफचा क्लब शेजाऱ्यांकडून हरला.

त्या पराभवानंतर एकदा कहवा पिता पिता शेखनं विचारलं, "तो मुलगा त्याच्या देशात पोचला ना?"

"पोचला, शेख," मी म्हणालो.

नोकरीत मी एकच शिकलो. नियम वाकवू नयेत, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत पाळावेत. पाळताना फक्त विमान कुठं थांबतं तेवढं बघावं.