टाकलेल्या फाइली परत काढून दाखवा

मंडळी, उद्या सकाळपर्यंत एक निर्णय द्यायचाय, म्हणून लिहितेय.

मी चितेगावच्या एका छोट्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. आमची सगळी कागदपत्रं कॉम्प्युटरवर ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते मी ठरवायचंय. साहेब म्हणाले, "तू ग्रॅज्युएट आहेस, तुला कळतं." घरातही मीच पहिली ग्रॅज्युएट. "मला कळत नाही" म्हणायची हिंमतच होत नाही.

आज सॉफ्टवेअरवाला आला. आमच्या मालाचे चाळीस तपासणी रिपोर्ट त्यात टाकले, मी मागितला तो क्षणात शोधून दाखवला. मी ऑर्डरवर सही करणार, तेवढ्यात आमचे जुने रेकॉर्ड सांभाळणारे रफिकचाचा म्हणाले, "बेटा, भरून तर लई छान दाखवलं. उद्या ह्यांच्याशी पटलं नाय, तर आपलं सामान वापस कसं मिळंल, ते बी बघ की."

मी चाळीसही रिपोर्ट परत मागितले. आले, पण फाइलींची नावं गायब, नुसते आकडे. कुठला रिपोर्ट कुठल्या गिऱ्हाइकाचा, कळेना. तो हसून म्हणाला, "मॅडम, आम्हाला सोडून कुणी जातच नाही."

मी सही केली नाही. साहेब चिडले. "उद्या अकरापर्यंत दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव सांग. चुकलं तर तुझ्यावर."

खरं सांगते, चाचांचा प्रश्न मला सुचलाच नव्हता. असे आणखी किती सुचले नसतील, याची भीती वाटतेय. तुम्ही असं सॉफ्टवेअर घेतलं असेल, तर आधी काय विचारायचं राहून गेलं, ते सांगाल का?