बुआलॉय उभी, म्हणून हे उभे

आमचे हे तीस वर्षं लाम्पांगच्या रस्त्यांवर घोडागाडी हाकत होते, म्हणजे तीस वर्षं बसूनच होते. गाव त्यांना लुंग इन्ता म्हणतं, म्हणजे इन्ताकाका. त्यांचं बसणं सुटलं ते एका नवसापायी, आणि नवसाची घाई माझ्यामुळे झाली, हे आधीच लिहून टाकते.

ऑक्टोबरात, भिक्खूंचा पावसाळी वर्षावास संपायच्या आठवड्यात, आमची पांढरी घोडी बुआलॉय पोटशूळानं आडवी पडली, ती उठेना. डॉक्टर सुई टोचून गेले. मी म्हटलं, नुसते हात काय चोळताय, वेशीवरच्या राखणदाराला काहीतरी बोला. लोक डुकराचं मुंडकं बोलतात, उकडलेली अंडी बोलतात. यांना घाबरून काही सुचेना. उदबत्ती धरून म्हणाले, "हिला उभी कर. सोंगक्रानच्या सणापर्यंत ही उभी असेल तोवर मी बसणार नाही." घरी येऊन पाहतो तर घोडी उभी, आणि गवत मागतेय.

घोडं उभ्याउभ्या झोपतं, हे घोडागाडीवाल्याला मी सांगायला हवं होतं का?

दुसऱ्या दिवशी मी विहारातल्या थोरल्या भंतेंना जाऊन विचारलं, यातून सोडवता येईल का. ते म्हणाले, नवस राखणदाराला बोललात, आता दुसऱ्याच्या दुकानातला माल मी कसा परत घेऊ? मग मीच यांना म्हटलं, पाळा. देव जिवाला जागला, आपण शब्दाला जागायला नको?

गाडी पुतण्याकडे गेली, त्याच्याकडे दुसरा घोडा आहे. हे मात्र दिवसभर बुआलॉयपाशी. आडवं होणं म्हणजे बसणं नव्हे, एवढी वाट यांनी शोधून काढली होती, म्हणून रात्रीची झोप तरी वाचली. पण उभ्याचं आडवं होताना मधे बसायचं नाही, त्यामुळे चटईवर तोडलेल्या सागासारखे पडायचे. आमचं घर खांबांवर, त्यामुळे खालच्या कोंबड्या रोज घाबरायच्या. शौचाचं मी माझ्या रोजच्या वहीत लिहीत नाही.

जेवण उभ्यानं. चिकट भाताची टोपली घोडीच्या पाठीवर ठेवायची आणि एक गोळा आपल्याला, एक तिला. मी म्हटलं, अहो, पाठीचा केस येतो भातात. तर म्हणाले, "अगं, दहा वर्षं हिची शेपटीच पाहिली मी. तोंड आत्ता पाहतोय." खरंच होतं ते. हिच्या डाव्या कानामागे चिंचोक्याएवढा काळा ठिपका आहे, हे यांना आता कळलं. मानेच्या बुडाशी खाजवलं की ती वरचा ओठ लांब करून थरथरवते, हेही आता कळलं. मग तासन्‌तास खाजवणं सुरू झालं. आयाळीच्या वेण्या झाल्या. तिच्या पाठीवर हनुवटी टेकून हे तिला लॉटरीचे आकडे विचारायचे, आणि ती शिंकली की तो आकडा बाद.

सगळं बरं चाललं होतं, पण आमच्या लेकीचं, वानदीचं लग्न ठरलं. मुहूर्त जानेवारीतला आणि सोंगक्रान एप्रिलात. लग्नाच्या सकाळी भिक्खू घरी येऊन पठण करणार, आणि त्यांच्यापुढे चटईवर बसल्याशिवाय बापाला तिथं थांबता येत नाही. भिक्खूंच्या वर आपलं डोकं काढून उभं राहणं म्हणजे काय ते सांगायला नको. आडवं पडावं तर पाय कुणाकडे करायचे? लेकीच्या पठणाला बाप बाहेर, या विचारानं यांचा भात उतरेना. त्यांचा वाटासुद्धा घोडीच खाऊ लागली.

एकच वाट होती. त्या वेळेला बुआलॉय आडवी हवी. रोज सांजवात झाली की मी वही लिहिते, आणि नवसापासून हे कधी बसले तेही लिहीत होते. "आज बसले, साडेदहाला, दीड मिनिट." पानं चाळली तर दिसलं, की घोडी एकटी कधीच आडवी होत नाही. कुणीतरी पहाऱ्याला उभं लागतं. हे उभे राहिले की ती निवांत लोळते. ती लोळली की हे बसतात. हे बसले की पहारा उठला, म्हणून तीही उठते. अशी तीन महिने दोघांची फुगडी चाललेली.

म्हणजे पहाऱ्याला दुसरं माणूस हवं होतं. आमच्याकडचे सगळे पठणाला बसणार. बाहेर राहणार होती एकच बाई, नवऱ्या मुलाची आत्या सांगवान. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, म्हणून ती अंगणात खुर्ची टाकून होती, आणि त्यामुळे चिडलेलीही होती. फ्रे गावाहून आल्यापासून घोड्याच्या वासावर बोलून झालं होतं, यांच्यावरही झालं होतं. "व्याहीबुवा, मंडपाला खांब कमी पडला का?" असं तिनं यांना चारचौघांत विचारलं होतं.

भिक्खू आले, सुताचा दोरा हातोहात फिरला. हे फणसाखाली घोडीजवळ उभे. ती लोळली, हे पळत येऊन बसले, ती उठली, हे उठले. असं तीनदा. थोरले भंते डोळे मिटून होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग मीच उठून सांगवानबाईंचे पाय धरले. म्हटलं, ताई, मानेच्या बुडाशी नुसतं खाजवा, आणि उभ्या राहा. ती नाक दाबून गेली. एका हातानं नाक, दुसऱ्या हातानं खाजवणं. बुआलॉयनं ओठ लांबवला. सांगवाननं नाकावरचा हात काढला आणि दोन्ही हातांनी खाजवू लागली. थोड्या वेळानं घोडी गुडघे मोडून खाली गेली, कुशीवर झाली.

हे बसले. मांडी घालता येईना, तीन महिन्यांत पायच विसरले होते, मी हातानं दुमडून दिले. पठण पुरं झालं. नंतर यांनी लेकीच्या मनगटाला सूत बांधलं. गाठ मारायला इतका वेळ लावला, की जावई हात पुढे करून अवघडला.

जेवणं झाली तरी सांगवान आत येईना. फ्रेला परतायची मोटार दारात घरघरत उभी, तिचा दुसरा एक भाचा बोलवायला गेला. ती घोडीला आपल्या सुनेची काहीतरी गोष्ट सांगत होती. तिनं त्याला हातानंच गप्प केलं आणि हळूच म्हणाली, "गाडी बंद करा रे. आत्ता कुठे हिचा डोळा लागलाय."

यांनी ते ऐकलं आणि ताटात आणखी भात वाढून घेतला. बसूनच.