ठोकतंय?

मोटारीच्या इंजिनाला रबरी नळी लावून तिचं दुसरं टोक स्वतःच्या कानात घालणारा विज्ञानशिक्षक अख्ख्या शेवगाव तालुक्यात मी एकटाच होतो. एकटाच होतो, हे तालुक्याचं नशीब!

खरं तर आमच्या घरात कान म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे. वीस वर्षं ते शेवगाव–नगर टॅक्सी चालवत होते. मोटार जुनी, रंग कोणे एके काळी निळा. पण कान असे, की जेवताना रस्त्यावरून ट्रक गेला तर घास हातात धरून म्हणायचे, "तिसरा प्लग गेलाय त्याचा." आणि ट्रकवाला पुढच्या चौकात बॉनेट उघडून उभा! आपल्या गाडीचं काही बिनसलं की ते मोठा डिसमिस (स्क्रू पिळायचा, नोकरीवरून काढायचा नव्हे!) घेऊन त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी आम्ही घरात भांडंसुद्धा वाजू देत नसू.

बहात्तरच्या दुष्काळात पाण्याबरोबर पेट्रोलचीही चव बदलली. त्यात रॉकेल मिसळतात अशी बोलवा होती. गाडी चढाला लागली की इंजिन ठोकायला लागायचं. पत्र्याच्या डब्यात वाटाणे खुळखुळावेत तसं. अण्णांनी सांगितलं, "टायमिंग जरा मागं घ्यावं लागंल. पर किती, ते ऐकून ठरवायचं." (टायमिंग म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडायची वेळ.)

आणि ते डिसमिस कानाला लावून बसले. बराच वेळ बसले. मग मूठ दुसऱ्या कानाला लावली. शेवटी म्हणाले, "वसंता, तू बघ रं जरा."

वीस वर्षांत त्यांनी कुणाला 'तू बघ' म्हटलं नव्हतं. मी विचार करायला हवा होता. मी फुशारलो!

आधी मी लाकडी फूटपट्टी दातात धरून तिचं टोक इंजिनावर टेकवलं (हाडांतून आवाज उत्तम जातो, असं मीच आठवीला शिकवायचो). आवाज उत्तम गेला आणि जाताना दाढेत भरलेलं सिमेंट घेऊन गेला. मग कंपाउंडरकडून जुना स्टेथोस्कोप आणला. त्यातून एवढा खडखडाट ऐकू आला, की हा पेशंट कालच गेला असावा असं वाटलं. शिवाय मुख्य अडचण निराळीच होती. इंजिन ठोकायचं फक्त चढावर, आणि चढावर धावत्या गाडीच्या बॉनेटवर डिसमिस घेऊन कोण बसणार?

मग मी शोध लावला. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं केलं, भोक पाडलं आणि इंजिनाच्या बोल्टाखाली आवळलं. दुसऱ्या टोकाला शाळेच्या प्रयोगशाळेतली रबरी नळी. ती बॉनेटच्या फटीतून खिडकीवाटे आत. आत काचेचा एक दुफाटा, त्याच्या दोन नळ्या: एक अण्णांच्या कानात, एक माझ्या. कानात बसायला बुचं, बुचांभोवती कापूस.

"एकाच इंजिनाची दोघांना नाळ जोडलीय म्हना की," आई म्हणाली.

त्याच आठवड्यात नगरहून निरोप आला. आईची थोरली बहीण, आमची मावशी, तिथे दवाखान्यात होती. मंगळवारी अकराला ऑपरेशन. दुखणं अवघड होतं. मावशीचं एकच मागणं होतं: आत न्यायच्या आधी शेवंता दिसली पाहिजे. आणि पैठणच्या गंगेचं घोटभर पाणी.

शेवंता म्हणजे आमची आई. तिनं पाणी मागवून घेतलं, मोठ्या फिरकीच्या तांब्यात भरलं, झाकण घट्ट पिळलं आणि म्हणाली, "सकाळच्या येष्टीनं जाऊ."

"घरची मोटार असताना येष्टी?" अण्णा आणि मी एकदमच म्हणालो. अण्णांना त्यांची गाडी दाखवायची होती. मला माझी नळी. वाटेत करंजीचा घाट लागतो, तिथे चाचणी होईल! (हे मी मनात म्हणालो. एवढी तरी लाज होती.)

सातला निघालो. अण्णा चालवताहेत, मी शेजारी, दोघांच्या कानांत नळ्या, मागे मांडीवर तांब्या धरून आई. तिसगावात लोकांनी वाट सोडली. त्यांना वाटलं, पेशंट आम्हीच.

घाट लागला. अण्णा ओरडले, "ठोकतंय!"

मला नळीतून नुसती घरघर येत होती. पण अण्णांच्या कानापुढे माझ्या कानाची काय टाप? मी ओरडलो, "ठोकतंय!"

गाडी थांबली. अण्णांनी पान्यानं बोल्ट सैल केला, टायमिंग किंचित मागं घेतलं. निघालो. पहिल्या वळणावर पुन्हा "ठोकतंय!" मी पण, "ठोकतंय!" पुन्हा थांबलो, पुन्हा मागं.

"आरं, घड्याळ बघ," मागून आई.

"आई, थांब गं, ऐकू दे!" मी तिला झापलं.

दुसऱ्या वळणावर तेच. आता गाडीला दमच राहिला नाही. पहिल्या गिअरमध्येही ती अशी चढत होती, की रस्त्याकडेच्या दुष्काळी कामावरच्या बाया पाट्या घेऊन आमच्या पुढे निघून गेल्या. "वसंता, जाऊ दे ते ठोकनं! चल की सरळ!" आई ओरडली. मी दुसऱ्या कानातही बोट घातलं, नीट ऐकू यावं म्हणून! तेवढ्यात सकाळची येष्टी आम्हाला ओलांडून गेली. कंडक्टरनं अण्णांना ओळखून हात केला. आईनं त्या येष्टीकडे वळण संपेपर्यंत पाहिलं.

तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि गाडी बसली.

रेडिएटर कोरडा. आसपास पाणी नाही. कामावरच्या बायांचा माठही तळाला गेलेला. अण्णांनी गाडीतला पाण्याचा रिकामा डबा हलवून पाहिला आणि कुणाकडेच न पाहता रस्त्याकडेच्या दगडावर बसले. इंजिन निवेस्तोवर थांबलो. मग आई खाली उतरली. तिनं तांब्याची फिरकी पिळली.

"आई, ते मावशीचं..."

"तिच्यापत्तुर जायाला तर पायजे," ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला. पैठणची गंगा मी माझ्या हातानं रेडिएटरमध्ये ओतली. तेवढ्यावर भागलं. तांब्यात घोटभरही उरली नाही.

मी वैतागून म्हणालो, "अण्णा, आता टायमिंग किती मागं घ्यायचं? तुम्हीच सारखं ठोकतंय म्हणता!"

अण्णांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "मी? मी तुला इचारत हुतो. ठोकतंय? म्हनून. तू म्हनायचास, ठोकतंय."

मी गार झालो. "म्हणजे तुम्हाला ऐकू..."

"न्हाई येत," अण्णा म्हणाले. "वरीस झालं. दोन्ही कानांनी. ओठ बघून भागवतो." मग कानातलं बूच काढून कापूस नीट चाचपत म्हणाले, "मला वाटलं, तुज्या नळीनं तरी यील."

दोघांनाही काही ऐकू आलं नव्हतं. मी त्यांच्या कानांवर भरवसा ठेवला, त्यांनी माझ्या विज्ञानावर, आणि एका प्रश्नचिन्हापायी आम्ही चांगली चालती गाडी घाटात मारली!

"तू गं? तुला माहीत होतं?" मी आईला विचारलं.

"संसार मी करती त्यांच्यासंगं. मला न्हाई म्हाईत व्हनार?"

अण्णा उठले. नळ्या उपटून बाजूला ठेवल्या. मला इंजिन चालू करायला सांगितलं आणि इंजिनावर नव्हे, गाडीच्या मडगार्डवर तळहात ठेवला. डोळे मिटले. दुसऱ्या हातानं टायमिंग हळूहळू पुढं घेतलं, थोडं मागं, पुन्हा केसभर पुढं. "आवळ," म्हणाले. आवळलं. गाडी पुढचा सगळा घाट एका दमात चढली. अण्णांचे डोळे रस्त्यावर होते आणि गालावरून पाणी येत होतं. ते पुसायला त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. मावशीला आत नेऊन पाऊण तास झाला होता. मावशीचे यजमान म्हणाले, "दोनदा इचारलं तिनं, शेवंता आली का. मी म्हनलं, वाटंवर हाय." आई दाराशी बाकावर बसली, रिकामा तांब्या मांडीवर घेऊन. मावशी शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

आई आम्हाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. अण्णांनी टॅक्सी सोडली. दिवसभर ओट्यावर बसायचे. ट्रक गेला की नुसता बघायचे.

दोन महिन्यांनी त्यांना नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, या खेपेला येष्टीनं. डॉक्टरांनी खूप वेळ तपासलं आणि मान हलवली. आयुष्य इंजिनाशेजारी गेलं, आता फार काही करण्यासारखं नाही, म्हणाले. मला आईकडे पाहवेना म्हणून मी म्हणालो, "डॉक्टर, माझेही बघता का? मलाही हल्ली कमीच येतं वाटतं."

त्यांनी दोन्ही कानांत बत्ती मारली, घड्याळ लांब धरलं, पाठमोरं उभं करून कुजबुजले. म्हणाले, "ठणठणीत आहेत, मास्तर. एकदम पहिल्या दर्जाचे."

"ह्याचं?" आई एकदम म्हणाली. "आवो, परत येकदा बगा की. मी मागच्या शिटावरनं लई वरडले हुते!" आणि मावशी गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि मग तो तिथेच राहिला. अण्णांना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी आपला तळहात तिच्या पाठीवर ठेवला.

तिच्या समाधानासाठी डॉक्टरांनी माझे कान पुन्हा तपासले. मी मनापासून प्रार्थना केली, की थोडा तरी बहिरेपणा निघू दे. कशाचं काय! दुसऱ्यांदाही ठणठणीतच निघाले.