स्वयंपाकघरातून आलेली बोली

मार्गशीर्षातला पहिला रविवार, दुपारचे बारा. रक्कम साडेतेरा लाख रुपये. हजर माणसे तीन: माझ्या बायकोचे मामा, त्यांचे शेजारी निवृत्त गुरुजी आणि मी. चौथे कोणी हजर होते की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावे. मी फक्त घडले ते आकड्यानिशी सांगतो.

मामांचा बाजारावर जेवढा विश्वास आहे, तेवढा अमडापुरात कोणाचा देवावरही नसेल. तीस वर्षे त्यांनी मेहकरला अडत केली, आणि अडत सोडली तरी हर्रास, म्हणजे लिलाव, काही सुटला नाही. हमीभाव, कर्जमाफी, बायकांचे अर्धे तिकीट, सगळ्यांवर त्यांचा एकच शेरा असे: "फुकट भेटते ना जावईबापू, ते सगळ्यात महाग!" कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा स्वतःच्या शेतात कांद्याचे एक रोप नसताना ते दोन दिवस जेवले नाहीत. आमच्या लग्नात शेवटची पुरणपोळी पंगतीत लिलावाला काढून त्यांनी माझ्या वडिलांना चाळीस रुपयांना विकली आणि पैसे आचाऱ्याला दिले. बसमध्ये कोणी त्यांना म्हातारा समजून जागा देऊ लागले, तर म्हणत, "भाव सांगा, नाहीतर बसून राहा."

घरातही तोच कायदा. मामी चहा देत, मामा कपामागे दोन रुपये डब्यात टाकत. मामींचे हात सदा कणकेत, बोलणे कमी. दर परवडेनासा झाला की त्या आतून तव्यावर पळी वाजवत. टक्. एक टक् म्हणजे एक टप्पा वर. मामा हसत हसत आणखी एक रुपया टाकत. अशा तीन टकांनी चहा पाच रुपयांवर गेला होता. मागच्या वर्षी मामी गेल्या. मामांनी स्वयंपाकघराला कुलूप घातले आणि खाणावळीचा डबा लावला. मला एकदाच म्हणाले, "माल बंद झाला म्हणजे समजते जी, खरा भाव काय होता ते."

मुलाने त्यांना पुण्याला बोलावले, म्हणून घर विकायचे ठरले. आमच्या घरमालकाने आम्हाला फाल्गुनापर्यंत जागा सोडायला सांगितले होते. दागिने आणि कर्ज धरून माझी ऐपत तेरा लाख, एक रुपया जास्त नाही. घर मला मिळाले तर आमचे भागत होते. पण मामा भाचजावयालाही फुकट सवलत देणारे नव्हेत. "हर्रास होईल. टप्पा पन्नास हजार. गुरुजी साक्षीदार."

आम्ही ओसरीवर बसलो. मी बारा लाख बोललो.

"बारा लाख एक वार," मामा म्हणाले. "बारा लाख दोन वार..."

टक्.

आवाज कुलूपबंद स्वयंपाकघरातून आला. अंगणातल्या चिमण्या एकदम गप्प झाल्या.

"साडेबारा," मामा हळूच म्हणाले.

"मांजर असल," गुरुजी म्हणाले. गुरुजींनी जन्मभर विज्ञान शिकवले, रविवारी विहारात पोरांना अंधश्रद्धेवर व्याख्यान देतात.

"मांजरीले टप्पा कसा समजते, गुरुजी?"

मी तेरा बोललो.

टक्.

"साडेतेरा. बोला जावईबापू. काऊन, भेले का?"

"भ्यालो नाही, मामा. पैसे संपले."

"साडेतेरा तीन वार!" मामांनी मांडीवर थाप मारली.

कुलूप उघडले. गुरुजी आधी आत गेले. त्यांनी खिडकी पाहिली, कडी आतून लागलेली. कौले पाहिली, ओट्याखाली वाकून पाहिले. जमिनीवर वर्षभराची धूळ होती, तिच्यावर ना पंजा ना पाऊल. पळी मामी नेहमी खिळ्याला टांगत. ती तव्यावर आडवी पडली होती. गुरुजींनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग म्हणाले, "मी याचं कारण शोधीन," आणि चप्पल न घालताच घरी गेले.

मी व्यवहारी माणूस. म्हणालो, "मामा, ही बोली धरायची? तेराला द्या मला."

"वरची बोली असताना खालच्याले माल देला, तर तो बाजार नाही, खैरात झाली. ज्यानं घेतलं, त्याचं घर. मी आता भाडेकरू."

मामांनी मुलाला पुण्याला कळवून टाकले, येत नाही म्हणून. आम्ही चिखलीला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बायको अजून मला विचारते, साडेतेरा का नाही बोललात. मी पासबुक दाखवतो.

हर्रासाच्या दिवशी मी निघताना मामांनी ओटा पुसला, वर्षाने चूल पेटवली आणि मला चहा करून दिला. जरा करपला होता. डबा पुढे सरकवला. मी पाचाचे नाणे टाकले.

टक्.

मी वळून पाहिले नाही. मामा पाहत होते, डोळे भरून.

"महागाई वाढून राह्यली जी," ते म्हणाले.

मी खिसा चाचपून आणखी एक नाणे टाकले. त्या घराच्या व्यवहारात माझ्याकडून शेवटी गेले ते एवढेच: सहा रुपये, मामींना.